पंखाखालची नळी

माझं डोकं लवकर फिरतं, हे यवतमाळात मला ओळखणारं कुणीही सांगेल. पण त्या वेळी ते फिरलं तेव्हा न्याय माझ्या बाजूनं होता, अशी माझी पक्की खात्री होती.

गावाबाहेरच्या धावपट्टीशेजारी विमान शिकवण्याची एक लहानशी शाळा आहे. तिच्याकडे विमान एकच, दोन माणसांचं, जुनं. त्याच्या इंजिनाची देखभाल माझ्याकडे. आमच्या घरातले सगळे पुरुष कचेरीत टेबलामागे बसून निवृत्त झाले. मी एकटा हात काळे करणारा निघालो. वडील पाहुण्यांना सांगायचे, "हा मिस्त्री आहे." सांगू देत. त्या इंजिनाचा एकेक नट मी आवळलेला आहे, आणि दर दसऱ्याला पूजाही मीच करतो. नाकावरच्या पंख्याला झेंडूचा हार, चाकापाशी नारळ, आणि जिथं जिथं विमानाचा जीव आहे तिथं माझ्या हातचं कुंकवाचं एक बोट. कुंकू वाऱ्यानं उडून जातं म्हणून यंदा शेंदूर तेलात चांगला घट्ट कालवून लावला.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, सुट्टीनंतरच्या पहिल्याच उड्डाणाला, दिग्रसकडच्या तांड्यावरची एक मुलगी विमान घेऊन एकटी वर गेली. हुशार पोरगी. तिच्या पणज्या-खापरपणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहून मुलूख पालथा घातला, आणि ही रोज एसटीनं येऊन आकाशात जाते, याचं मला मोठं कौतुक. पाऊण तासानं ती परतत असताना वरचा आवाज अडखळला आणि बंदच झाला. पण पोरीनं ते विमान नुसतं तरंगवत आणलं आणि धावपट्टीवर बरोबर टेकवलं. मी धावत गेलो. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, तर अर्धी टाकी पेट्रोल. बटण दाबलं, तर इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू. दहा मिनिटं ठणठणीत चाललं.

शाळेचे मालक, म्हणजे आमचे साहेब, म्हणाले, कारण सापडेपर्यंत हिचं उडणं बंद. चूक हिची निघाली तर शाळेतून नाव कमी. पोरीच्या तोंडावर म्हणाले.

आणि दोन दिवसांनी त्यांनी कुठल्याशा मोठ्या शहरातून नव्या इंजिनाचा विक्रेता आणून बसवला. पांढरे बूट, हातात लॅपटॉप. आमच्या इंजिनाला बाहेरूनच पाहून म्हणाला, "काका, हा खटारा आता काढून टाका." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी याचा काका कधी झालो? आणि खटारा कोणाला म्हणतो हा?

तरी मी त्याचं ऐकून घेतलं. नव्या इंजिनाला ताकद जास्त, पेट्रोल कमी, सगळं कॉम्प्युटर बघणार. साध्या पंपावरचं पेट्रोलही चालतं. हा मुद्दा खरा होता, खोटं कशाला बोलू? विमानाचं खास पेट्रोल आम्ही नागपूरहून ड्रमनं आणतो आणि ते आणता आणता जीव जातो. पण बाकीचं कोण सांगणार? त्या इंजिनाला थंड ठेवायला पाणी लागतं, पाण्याला नळ्या लागतात, पंखा बदलावा लागतो, विमानाचं वजन पुन्हा तोलावं लागतं. मंजुरीचे कागद येईपर्यंत विमान जमिनीवर आणि पोरं घरी. माझ्या जुन्या इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रं दोन आहेत. एक गेलं तर दुसरं चालतं, बॅटरी मेली तरी चालतं.

"अन् तुमचा कॉम्प्युटर रुसला तर कोण उघडन? तुम्ही येसान काय इथं?" मी ओरडलो.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "तुमचं इंजिन एवढं चांगलं आहे, तर मंग बंद कायले पडलं? एक तर इंजिन खराब, नाही तर पोरगी. काय ते सांगा!"

"पोरीनंच काही तरी चुकवलं असन! माह्या इंजिनाले काही झालं नाही!"

पोरगी दाराशीच उभी होती. मान खाली घालून निघून गेली. मला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नाही, इतका मी तावात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीपासून पंख्यापर्यंत सगळं तपासायला घेतलं. इंजिन निर्दोष आहे हे त्या पांढऱ्या बुटाच्या नाकावर टिच्चून दाखवायचं होतं. डाव्या पंखाखाली एक बोटभर नळी असते. टाकीतलं पेट्रोल उतरतं तशी तिच्यातून हवा आत जाते. तेलाच्या पिप्याला एकच भोक पाडलं तर धार थांबते, दुसरंही पाडावं लागतं. तसलं हे दुसरं भोक. विमान इथूनच श्वास घेतं म्हणून मी त्या नळीलाही दर वर्षी बोट लावतो.

तारेनं टोचलं, तर आतून शेंदराचं वाळलेलं बूच निघालं.

मी तिथंच खाली बसलो. नळी मी बुजवली. ती उतरल्यावर झाकण उघडून टाकीत हवाही मीच सोडली. आणि मग इंजिन चालतं म्हणून बोंबललो, तोही मीच!

पोरगी साहेबांचा निर्णय ऐकायला आली होती. तिला हाक मारली. "उडायच्या आधी ही नळी पाहाची असते. पाह्यली होती?"

"हो, काका."

"मंग?"

"शेंदूर होता."

"अन् पुसला काहून नाही?"

"पूजेचा होता. तुमच्या हातचा. मागच्या साली मी हारातलं एक फूल काढलं, तर तुम्ही सगळ्यांसमोर केवढे ओरडले होते. मले वाटलं, तुम्ही लावलं म्हणजे पाहूनच लावलं असन."

"काल साहेबासमोर सांगाले काय झालं होतं?"

"तुमचं नाव कसं घेऊ?"

मी फार लोकांवर चिडलेला माणूस आहे, पण त्या सकाळी स्वतःचा जेवढा राग आला तेवढा कोणाचाच आला नव्हता. पोर मेली असती. माझ्या बोटापायी मेली असती, आणि मी तिच्या नावानं शंख केला असता.

तसाच साहेबांच्या खोलीत गेलो आणि ते बूच टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते नखानं उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाले, "शेंदरानं विमान बंद पडलं असं लिहाचं? लोकं हासतील. इंजिनाचं नाव टाका अन् विषय संपवा. नवीन तर घ्याचंच आहे."

वा रे वा! पोरीनं काही केलं नाही, इंजिनानं काही केलं नाही, आणि नाव लिहायचं कोणाचं, तर ज्याला तोंड नाही त्याचं. मी रजिस्टर ओढलं आणि माझ्या हातानं लिहिलं: इंजिन ठीक. मुलीची चूक नाही. नळी मी बुजवली. खाली सही ठोकली. नवं इंजिन आणायचं तर आणा म्हटलं, पण या जुन्यावर आळ घालून आणू नका.

बाहेर आलो. पोरगी विमानापाशी उभी होती. तिच्या हातात फडकं दिलं. नळीच्या तोंडावर शेंदूर अजून होताच.

"पुस."

तिनं फडकं माझ्याकडेच परत धरलं.

"पुस म्हणतो ना!" मी पुन्हा ओरडलोच.

तिनं हात वर केला. बंद इंजिनाचं विमान घेऊन खाली उतरली तेव्हा तिचा हात कापला नव्हता, मी पाहिलं होतं. माझं बोट पुसताना तो कापत होता.