एक चाक मातीत

आमच्या गावाचा रस्ता होटगीपासून आत येतो. डांबर एका गाडीपुरतं. दोन्ही अंगाला मुरमाची साईडपट्टी आणि तिच्या पलीकडं चारी, पाणी जायचा चर. समोरून गाडी आली की दोघांनी आपापलं डावं चाक डांबरावरून खाली घ्यायचं. एक चाक डांबरावर, एक मातीत. हे कुणी शिकवलेलं नाही, कुठं पाटी लावलेली नाही. उसाच्या भरल्या ट्रॉलीला तेवढा सगळा रस्ता द्यायचा, कारण ती खाली उतरली तर उलटते. बाकी सरपंच असो नाहीतर दूधवाला, अर्धं तुझं अर्धं माझं. आणि शेजारून जाताना स्टेअरिंगवरची दोन बोटं उचलायची. त्यात रामराम आला, आभार आले, सगळं आलं.

माझा टेम्पो तीन चाकी. सोलापूरच्या कारखान्यातून टॉवेलचे गठ्ठे आणायचे, गावातल्या बायका घरी बसून त्यांच्या कडा शिवतात, शिवलेला माल परत पोचवायचा. आयुष्य यातच गेलं. तीन चाकीचं मागचं चाक खाली उतरलं की गाडी अशी कलते की नवा माणूस ओरडतोच. तरी मी उतरवत आलो. माझ्या गाडीचे डाव्या अंगाचे स्प्रिंगचे पाटे उजव्याच्या आधी तुटतात. मिस्त्री म्हणायचा, अप्पा, तुमची निम्मी गाडी रस्त्यानं चालते आणि निम्मी रानातनं. मला ते ऐकायला बरं वाटायचं. आमच्या भागात ड्रायव्हर कसा आहे ते त्याच्या डाव्या टायरवरून कळतं, असं मी चारचौघांत म्हणायचो. आजही म्हणेन.

मग त्या उंच, रुंद गाड्या आल्या. मला त्यांचा राग का येतो हे नीट सांगता येत नाही, म्हणूनच लिहायला बसलोय. चौथीपर्यंतची शाळा, त्यामुळं लिहिताना हात अडखळतो. लोक म्हणतात म्हातारा जळतोय. जळत असतो तर मोठ्या बंगल्यांवरही जळलो असतो. बंगला माझ्या अंगावर येत नाही. त्या गाडीचं बॉनेटच माझ्या डोळ्यांइतकं उंच. काचा काळ्या. ज्याचं तोंडच दिसत नाही त्याला बोटं उचलून काय दाखवायची? आणि चाकं बघा, जाडजूड, चिखलातून चालायला केलेली. माझी चाकं त्यापुढं लिंबाएवढी. तरी मातीत उतरायचं मी, आणि ती गाडी डांबराच्या मधोमध. मातीसाठी केलेली गाडी मातीला भिते, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका पांढऱ्या गाडीनं मला खाली घातलं. मी चाक उतरवून हळू चाललो होतो. ती तसूभर सरकली नाही. मी अजून खाली घेतलं, मुरूम ढासळला आणि टेम्पो सावकाश, म्हैस बसावी तसा, चारीत बसला. वरचे गठ्ठे चिखलात गेले. मला लागलं नाही. ती गाडी थांबली नाही. लाल दिवे जरा पेटले, म्हणजे ब्रेकवर पाय ठेवला असणार, म्हणजे बघितलं असणार. मग दिवे विझले आणि गेली.

त्याच दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात सगळ्यांदेखत मी बोललो, "हितनं पुढं असल्या गाडीला मी चाक उतरवणार न्हाय. आणि मेलो तरी असल्या गाडीत बसणार न्हाय."

हॉटेलवाला माझ्याच वयाचा. तो म्हणाला, मेल्यावर कोण इचारतंय, उचलून घालतील की. सगळे हसले. मी हसलो नाही. बोललो ते बोललो.

पुढं दोन महिन्यांनी माझ्याच मुलानं तसली गाडी घेतली. तो सोलापुरात पाइपलाइनची कामं घेतो, आठवड्याला गावी येतो. गाडी दारात उभी केली, बॉनेटवर हार, आणि मला म्हणाला अप्पा, नारळ तुमी फोडा, पुढच्या सीटवर तुमी बसा, देवळापर्यंत जाऊन येऊ. मी नारळ फोडला. बसलो नाही. बायको बसली. मी देवळापर्यंत चालत गेलो आणि ते गाडी माझ्या मागं मागं, पायी माणसाच्या चालीनं आणत राहिले. अख्खं गाव बघत होतं.  त्यानंतर मुलगा आला की आईशी बोलायचा, माझ्याशी कामापुरतं. जेवताना मीठ लागलं तर आईकडं मागायचा. बायको मला कन्नडात सुनवायची, कारण ती कर्नाटकच्या शिवेवरच्या दुधनीकडची, आणि रागात तिला मराठी सुचत नाही. मला समजायचं. पण फाट्यावर दिलेला शब्द होता. तो मोडला तर माझ्याजवळ दुसरं काय आहे?

या उन्हाळ्यात दुधनीला मेहुण्याच्या नातवाचं बारसं निघालं. माझ्या टेम्पोची क्लच प्लेट गेलेली. बायकोचे गुडघे एसटीची पायरी चढत नाहीत. सकाळी मुलगा गाडी घेऊन दारात आला. मी म्हणालो तुमी व्हा पुढं, मी एसटीनं येतो. त्यानं माझ्यापुढं किल्ली धरली.

"तुमी बसणार न्हाय म्हणालाय न्हवं? मग चालवा की. चालवणं म्हणजे बसणं न्हाय."

शब्दाला असा तिढा घालणं तो माझ्याकडूनच शिकलेला. मी विचार केला. ड्रायव्हर गाडीत बसत नाही, गाडी चालवतो, हे बरोबर होतं. फाट्यावर कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मी किल्ली घेतली. लायसन माझं सगळ्या गाड्यांचं आहे.

आत शिरलो ते चढूनच. इंजिन चालू झालं का नाही तेच कळेना, आवाज नाही. अक्कलकोटपर्यंत मोठा रस्ता, काही वाटलं नाही. पुढं मी जवळच्या आतल्या रस्त्यानं घेतली. तोही आमच्यासारखाच, एका गाडीपुरता. खड्डे आले पण अंगाला लागेनात. माणसं, शेळ्या, मोटारसायकली सगळं खाली दिसत होतं, माडीवरून दिसावं तसं. डांबर कुठं संपतं ते मात्र दिसत नव्हतं. बायको मागं झोपली होती. मुलगा शेजारी बसला होता, आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडावर राग नव्हता.

समोरून तीन चाकी टेम्पो आला. कडब्यानं भरलेला, माझ्यासारखाच, फक्त निळा.

आता मला काय करायचं ते ठाऊक होतं. आयुष्यभर केलेलं. वेग कमी करायचा, डावीकडं घ्यायचं, एक चाक मातीत. माझे हात हललेच नाहीत. मी डांबराच्या मधोमध, आहे त्या वेगानं. तो टेम्पो खाली उतरला, कडब्यासकट कलला, मला वाटलं गेला, पण सावरला. त्याचा ड्रायव्हर माझ्याकडं बघून बोलत होता. काचा बंद असल्यानं ऐकू आलं नाही. पण तोंडाच्या हालचालीवरून शब्द कळले. असल्या गाड्यांना मी घालतो त्याच शिव्या होत्या त्या. मी माझ्या ब्रेकवर पाय ठेवला. मग काढला.

मुलगा म्हणाला, "अप्पा, चाक उतरवायचं राहिलं."

टोमणा नव्हता त्यात. लहानपणी मी त्याला टेम्पोत पुढं बसवून हेच शिकवलं होतं. तो नुसतं आठवण करून देत होता. मागून बायको जागी झाली आणि म्हणाली, येन आयतु? काय झालं? 

पुढं गेल्यावर गाडी थांबवली, उतरलो, मागं बघितलं. निळा टेम्पो गेलेला होता. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून विचार करू लागलो. डावी बाजू दिसत नव्हती म्हणून? मुलाच्या गाडीला बाभळीचा ओरखडा पडेल म्हणून? का तो उतरणारच आहे हे मला ठाऊक होतं म्हणून? सगळं थोडं थोडं खरं वाटतं, आणि कुठलंच पुरत नाही. मला गाडीचा राग यायचा. गाडी तर माझ्या हातात होती. मला चारीत घालणाऱ्या त्या पांढऱ्या गाडीत कोण होतं ते मला आजही ठाऊक नाही. तिथं दुसरा कुणी वाईट माणूस असणार असं मी धरून चाललो होतो.

मी किल्ली मुलाला दिली आणि शेजारच्या सीटवर बसलो. हो, बसलो. माझ्या हातांवर माझा भरवसा राहिला नव्हता. त्यानं माझा पट्टा ओढून लावून दिला. दुधनीपर्यंत आणि येताना घरापर्यंत, समोर कुणी आलं की तो डावं चाक खाली घ्यायचा. खडे खालून पत्र्याला लागायचे. इतक्या महाग गाडीला. जेवायला बसलो तेव्हा मीठ त्यानं माझ्याकडं मागितलं.

आठवड्यानं टेम्पो दुरुस्त होऊन आला आणि मी फाट्यावर थांबलो. हॉटेलवाल्याला बातमी आधीच पोचलेली. म्हणाला, काय अप्पा, बसला म्हणं? मी म्हणालो जाताना अर्ध्या वाटेपर्यंत चालवली, मग बसलो. मग कप खाली ठेवून सगळं सांगितलं. सांगायलाच हवं होतं, शब्द त्यांच्यासमोर दिला होता. एका टेम्पोवाल्याला मीच मातीत घातला, चाक उतरवलं नाही, थांबलोही नाही वेळेवर, असं म्हणालो.

मला वाटलं थुंकतील. हॉटेलवाल्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

"मग आता फिटलं की तुमचं. तुमीबी दाखवलं."

बाकीचेही माना हलवत होते. कुणीतरी म्हणालं, अप्पांच्या चहाचे पैसे मी देतो. मी म्हणालो फिटलं कसं, तो निळा टेम्पोवाला काय माझं देणं लागत होता का? यावर सगळे पुन्हा हसले, जणू मी विनोद केला. यांना कळत नाही का मलाच कळत नाही, ते मला समजेना. चहा अर्धा टाकून उठलो.

घराकडं येताना समोरून एक मोटारसायकल आली. मोटारसायकलला अर्धं डांबर पुष्कळ होतं, चाक उतरवायचं काही कारण नव्हतं. मी उतरवलं. टेम्पो कलला, गठ्ठे एका बाजूला सरकले. मोटारसायकलवाल्यानं वेग कमी करून माझ्याकडं बघितलं, म्हाताऱ्याला चक्कर आली का काय असं बघावं तसं. मी दोन बोटं उचलली. त्याला काय करावं ते कळलं नाही. मलाही, खरं सांगायचं तर.