माझ्या बोर्डावर कोरलेलं नाव

भाड्याच्या बुटात दुसऱ्याचा घाम असतो. आणि तो वाळलेला नसतो, कारण बर्फात काहीच धड वाळत नाही. कित्येक हिवाळे मी तसल्या ओलसर, आंबूस बुटांत पाय घातले आणि दर वेळी शिसारी आली. बोर्डही भाड्याचेच. कडा बोथट, बूट बोर्डाला आवळणाऱ्या बायंडिंगच्या पट्टीवर कुणाचं तरी चिकटवलेलं च्युइंगम. तरी घातले, कारण एकदा उतारावर निघालं की हे सगळं विसरायला व्हायचं.

धुळ्याजवळच्या सोनगीरची मुलगी बर्फावर कशी पोचली, ते आधी सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कृषी अभियांत्रिकी केली, जळगावात ठिबक सिंचनाच्या कंपनीत लागले, आणि कंपनीने काश्मिरात सफरचंदाच्या बागांना ठिबक बसवायला पाठवलं. हिवाळ्यात बागा झोपतात आणि आमचं कामही थंडावतं. जवळच उतार होता. दोन्ही पाय एकाच फळीला बांधून, अंग आडवं करून बर्फावरून घसरत खाली यायचं, हा तो खेळ, स्नोबोर्डिंग. पडत पडत शिकले.

शाळेपासून मी नंबरासाठी पळाले. नंबर नाही तर स्कॉलरशिप नाही, स्कॉलरशिप नाही तर शिक्षण नाही. उतारावर पहिल्यांदा मला कुणी नंबर विचारला नाही. म्हणून मी तिथे पळत नाही. रुंद वळणं घेत, मध्येच थांबून देवदारांकडे बघत, रमतगमत येते. आणि त्या चालीला साजेसा बोर्ड मला स्वतःचा हवा होता.

तो मी घाईने निवडला नाही. भाड्याने घेऊन घेऊन कळत गेलं. कडक बोर्ड वेग मागतो. वेग दिला नाही की वळायला कां-कूं करतो, आणि कड अडकली की थेट तोंडावर. अगदी मऊ बोर्ड लाडका वाटतो, पण घट्ट दाबलेल्या बर्फावर थरथर कापतो. मला मधला हवा होता, थोडा मऊपणाकडे झुकलेला. टोकं जरा उचललेली, म्हणजे वळताना कड रुतत नाही. पायांखाली हलकी कमान, म्हणजे पकड सुटत नाही. लांबी हनुवटीपर्यंत. रुंदी इतकी, की बुटाचा चवडा बाहेर येऊन बर्फात घासू नये. दाबलेला उतार असो की झाडांतला भुसभुशीत बर्फ, सगळीकडे चालला पाहिजे. बायंडिंगही त्याच स्वभावाचं. बोर्ड नरम आणि बायंडिंग ताठ असलं तर पायाची बारीकशी चूकही लगेच भोगावी लागते. पोटरीमागचा आधार थोडा वाकणारा, घोट्यावरची पट्टी रुंद. बस्स.

सुट्टीवर घरी येताना दिल्लीत उतरून दुकान गाठलं. विक्रेत्याने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "मॅडम, लेडीज में पिंक आया है." मी म्हटलं, रंग नको, फ्लेक्स दाखवा, बोर्ड किती वाकतो ते. मग त्याने सगळ्यात ताठ, शर्यतीचा बोर्ड काढला. मी सांगितलं, मी आरामात चालवते. तो हसला, "आराम के लिए तो सोफा होता है, मॅडम." तोंडाला सुपारीचा वास, आणि सल्ला मात्र हिमालयाएवढा! त्याच्या समोर बूट घालून प्रत्येक बोर्डावर उभी राहिले, टाच उचलली, चवडा दाबला, आणि मला हवा तोच घेतला. करड्या रंगाचा, वर एक डोंगराची रेघ. बायंडिंग काळं.

घरी आबांनी बोर्ड उभा धरून न्याहाळला. आबा धुळ्याच्या बाजारात भाजीचा टेम्पो चालवतात.

"हाई काय शे? इस्तरी करानी फळी?"

मी समजावलं. त्यांनी खालच्या बाजूवरून तळवा फिरवला. "गुयगुयीत शे बरं."

"त्यावरच तर सगळं आहे, आबा. ही बाजू बर्फावर पळते. हिला ओरखडा चालत नाही."

नाना तेव्हा ओट्यावरच बसले होते. नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ आणि आमच्या भाऊबंदांच्या मंडळाचे अध्यक्ष. गावात पंखा बसला, बाक आलं, पाण्याची टाकी आली, की त्यावर नानांचं नाव असतंच.

"नंबर कितवा आला?" नानांनी विचारलं.

"शर्यत नसते, नाना. मी सावकाश चालवते."

"सावकाश? मग एवढ्या थंडीत मरायला कशाला जातेस? सावकाश तर इथे म्हैसबी चालते."

तरी मंडळातर्फे माझ्या सत्काराची तारीख त्यांनी तिथेच ठरवली. मी नको म्हटलं. मग आबांचा चेहरा पाहिला. मंडळाच्या कार्यक्रमात आबा आयुष्यभर मागे, दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभे राहिलेले. सत्कार मुलीचा असला तर पहिल्या रांगेतली खुर्ची मिळणार होती. मी शाल-नारळापुरतं कबूल केलं.

मधे कंपनीच्या कामाला जळगावला जाऊन आले, तर बोर्ड घरात नाही.

"तुनी फळी नाना लई ग्यात," आबा म्हणाले. "स्टेजवर ठेवाले."

मला तेव्हाच वास यायला हवा होता.

कार्यक्रम हायवेलगतच्या सभागृहात. बॅनरवर माझा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, नानांचा दारभर. खाली लिहिलेलं, 'राष्ट्रीय खेळाडू'. गळ्यातल्या झेंडूच्या हारातून मुंग्या मानेवर उतरत होत्या, पंख्यांखाली अत्तर आणि तळलेल्या वड्यांचा मिसळलेला वास कोंदला होता. नानांनी माइक धरला.

"पोरीकडे स्वतःचं साधन नाही, हे मंडळाला बघवलं नाही. म्हणून मंडळातर्फे ही छोटीशी भेट!"

चमकत्या कागदात गुंडाळलेली लांबट वस्तू आली. आकारावरूनच मी ओळखली. नानांनी कागद फाडला. माझाच बोर्ड. त्यांनी तो उलटा करून सगळ्यांना दाखवला. खालच्या गुळगुळीत बाजूवर, भांड्याच्या दुकानात तांब्या-परातीवर नाव घालतात त्या मशीनने, वीतभर अक्षरांत खोल कोरलेलं: सप्रेम भेट, आणि पुढे नानांचं नाव, पदासकट. बायंडिंग काढून पॉलिथिनच्या पिशवीत भरलेलं.

"वर चित्र होतं," नाना कौतुकाने माझ्या कानाशी म्हणाले. "खालची बाजू कोरी सापडली. छान बसलं का नाही?"

खोटं बोलणं एकवेळ समजतं. पण माझी वस्तू माझ्याच हातात दान म्हणून ठेवताना त्या माणसाचा चेहरा तृप्त होता, त्याची मला खरी किळस आली. माइक त्यांच्या हातात होता. मी तो घ्यायला हात पुढे केला. आबा पहिल्या रांगेतून दबक्या आवाजात म्हणाले, "काही बोलू नको, बेटा. बठ्ठा देखी राह्यनात."

सगळे बघत होते, म्हणूनच मी माइक घेऊन बोलले. "हा बोर्ड माझा आहे. माझ्या पगारातून घेतलेला. मी राष्ट्रीय खेळाडू नाही, मी कुठल्या शर्यतीत नाही. मंडळाने मला शाल दिली, तिच्याबद्दल आभार."

मग मागून कुणीतरी विचारलं, "मंग नानांनी काय दिलं हो?"

"नाव दिलं ना!" दुसरा म्हणाला, आणि चपलांच्या ढिगाजवळची सगळी मंडळी खो-खो हसली.

नाना लाल झाले. "दोन बुकं शिकल्या, की डोक्यावर बसतात या."

मी बोर्ड काखेत मारला, बायंडिंगची पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरले. आबांची खुर्ची रिकामी होती. ते दाराशी उभे होते, जिथे नेहमी उभे राहतात तिथेच. मला वाटलं, आपण त्यांची खुर्ची घालवली. त्यांनी पॉलिथिनची पिशवी माझ्या हातातून घेतली आणि टेम्पोकडे चालू लागले. घराच्या फाटकाशी इंजिन बंद करून म्हणाले, "ती शाल तरी त्यासनी शे ना? का ती बी तुनीच?"

मी हसले. मग तेही.

काश्मिरात परत आल्यावर कोरलेल्या अक्षरांत प्लास्टिक वितळवून भरलं, पात्याने खरवडून सपाट केलं. बोर्ड आता नीट पळतो. मला हवा होता तसाच आहे, सोशिक, घाई न करणारा. पण भरलेलं प्लास्टिक काळं आणि मूळचं फिकट, त्यामुळे नाव अजून वाचता येतं. दर काही दिवसांनी बोर्डाला मेण लावायचं असतं. ते गरम इस्त्रीने पसरवतात. बोर्ड उलटा टेबलावर ठेवते आणि नानांच्या नावावरून, पदासकट, इस्त्री फिरवते. आबांना फोनवर हे सांगितलं, तर म्हणाले, "मी पहिलेच सांगं व्हतं, इस्तरी करानी फळी शे."