तलावाच्या पाण्याची साक्ष

देवरीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी मी इथे लिहून ठेवतो.

लग्नानंतर चार-पाच वर्षांनी आम्ही नवराबायकोने बाप्तिस्मा घेतला. चिचगड रस्त्यावरच्या आमच्या गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. त्यावरून कोणी त्रास दिला नाही. थट्टा व्हायची, तेवढीच. एका वर्षी भाद्रपदात पावसाने ओढ दिली. धान ऐन निसवायच्या वेळी बांध्यांना, म्हणजे खाचरांना, भेगा पडल्या आणि गावाने तलावाचं पाणी सोडायचं ठरवलं. आमच्याकडे पाणी सोडण्याआधी तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, देवाला प्रत्येक घरचा एक नारळ फुटतो. सगळ्यांचं खोबरं एका टोपलीत मिसळून वाटतात.

बायको म्हणाली, "आपला नारळ जाणार नाही."

"मंग पाणी?"

"देव देईन."

"आन् नाही देलं तं?"

"तं धान जाईन. आपण तं नाही ना जाऊन राहिलो कुठं."

एवढं बोलून ती तांदूळ पाखडायला बसली. मला मात्र झोप येईना. लोक बाजूने दांड खोदून पाणी नेतील आणि आपली बांधी टाळतील, असं माझ्या मनाने घेतलं. तसं कोणी म्हटलं नव्हतं. मीच रचलं होतं.

बाजारातून नारळ आणून मी गोठ्यात तणसाखाली लपवला. पाणी सोडायच्या दिवशी पहाटेच, लोक जमण्याआधी, पाळीवर गेलो. तलावाचं दार उघडणारा म्हातारा तिथे बिडी ओढत बसला होता. नारळ त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "घरी कोणाले सांगू नका जी."

तो हसायला लागला. "कायले आणलास गा? पाणी काय तुले पाहून येते? तुझी बांधी मधात. वरच्या बांधीतून तुझ्यात, तुझ्यातून खालच्यात. तुझ्यासाठी खालच्याईचं धान मारू का?"

हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. भीतीपुढे आठवलं नाही. आता नारळ परत मागायचीही लाज वाटली. म्हाताऱ्याने तो फोडला, आणि मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या बांधीत पाणी आलं. बायको बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, उभी राहून रडली. पुढच्या रविवारी तिने मंडळीत उभी राहून देवानेच पाणी दिलं अशी साक्ष दिली, आणि मग दर वर्षी पिकाचे आभार मानायच्या हंगामाच्या सणाला देत राहिली. "आमी नारळ नाही देला. आमचा माणूस डगमगला नाही," असं ती म्हणायची. स्वतःच्या आधी मला ठेवायची. मी खाली बघून आमेन म्हणायचो.

तिला सांगायचं म्हणून कितीदा तरी जवळ बसलो आणि बैलांचं काहीतरी बोलून उठलो. दोन वर्षांपूर्वी ती गेली. चाळीस वर्षं मी विश्वासात टिकलो असं लोक म्हणतात. मी उपासना चुकवली नाही, हे खरं. पण त्या सगळ्या वर्षांत माझी प्रार्थना बहुतेक एकच असायची, की हे कोणाला कळू नये.

यंदा सणाच्या आधी मंडळीचे पाळक म्हणाले, "आजी नाहीत. ती साक्ष आता तुम्ही द्या." सणाच्या दिवशी मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कोणी आमेन म्हटलं नाही. पाळकांनी पुढचं गाणं घ्यायला लावलं.

माझी मुलगी देवरीतच दिलेली आहे. मी आता तिच्याकडेच असतो. बाहेर पडताना ती म्हणाली, "मायची साक्ष खोटी पाडली तुमी."

"तिची नाही वो. माझी. ते तं धान जाईन म्हणून तयार होती."

"मंग तिले जितेपणी काऊन नाही सांगितलं?"

"भेलो," मी म्हणालो.

आठवडाभर ती ताट वाढायची आणि निघून जायची. शनिवारी इस्त्री करता करता, वर न बघता तिने विचारलं, "उद्या येऊन राहिले का?"

"लोक पाहतीन."

"पाहू द्या. चाळीस वर्षं काय आंधळ्याईत बसत होते? पांढरा सदरा काढून ठेवला हाय."

मी गेलो. नेहमीच्या जागी बसलो. शेजारचे म्हातारे थोडे सरकले. जागा देण्यासाठी की लांब होण्यासाठी, ते कळलं नाही. कोणाला प्रार्थना करायची आहे का, असं पाळकांनी विचारल्यावर मी उठलो. क्षमा मागितली. आधी बायकोची, मग देवाची. असं मेलेल्या माणसाशी प्रार्थनेत बोलू नये, हे पाळकांनी नंतर दारात समजावून सांगितलं. त्यांचं बरोबर असेल. पुढच्या रविवारी फक्त देवाशी बोलेन, असं मी त्यांना सांगितलं.