व्याह्यांची हमाली

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि आमच्या व्याह्यांइतका विक्षिप्त माणूस अख्ख्या बेंगळुरात दुसरा नाही, हे त्या वर्षी मी कुणालाही छाती ठोकून सांगितलं असतं. मी चौथीपर्यंत शिकलेला, बेंगळुराबाहेर होसकोट्याच्या गोदामात चाळीस वर्षं पोती उचललेली. मुलगी मात्र शिकली, महादेवपुऱ्याच्या कंपनीत कंप्युटरवर बसली आणि तिथं तिचं नागपूरच्या मुलाशी जमलं. मुलाचे वडील सरकारी खात्यातले मोठे इंजिनीअर. हमालाच्या घरची सून नको म्हणून ते लग्नालाच आले नाहीत. मुलानं बोलणं टाकलं. तरी मुलाजवळ राहावं म्हणून त्यांनी सर्जापूर रोडला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि त्याच वर्षी मुलगा बायकोला घेऊन अमेरिकेला गेला. असा यांचा हिशेब.

चार वर्षांनी मुलाचा निरोप आला. सप्टेंबरात डोंगरावर एल्कच्या शिकारीला जातोय, पंचवीस किलो पाठीवर घेऊन न थांबता चढता येत असेल तर बाबांनी यावं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, घोड्याएवढा, असं विहीणबाईंनी मला सांगितलं; पोरं गेल्यावर दोन्ही घरांचं जाणं-येणं तेवढं सुरू झालं होतं. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा हा माणूस, पण एका मिनिटात "येतो" म्हणाला.

मग सुरू झाला घोळ. शिकारीची टेहळणी उन्हाळ्यात करायची असते म्हणे. व्याह्यांनी पाडव्यापासूनच सुरू केली. मुलानं तिकडं झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याचे फोटो यांच्या मोबाइलवर येत. इथं घामाच्या धारा, आणि फोटोत नुसता पांढरा बर्फ. दोन महिने ते बर्फ बघत बसले. तिकडचा उन्हाळा जूनमध्ये लागतो हे इतक्या मोठ्या इंजिनीअरला कुणी सांगितलं नव्हतं. तो लागला तेव्हा इकडं पाऊस, आणि हे छत्री घेऊन मला दाखवायला आले, "हे बघा, पाण्यावर आला!" मला झुडूप दिसलं. मी आपलं "सरी, बरं" म्हणालो. जनावराला वास येतो म्हणून घरात हिंग बंद, उदबत्ती बंद, डोक्याला खोबरेल बंद. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून ते गॅलरीत उभं राहून चिमूट चिमूट पीठ उडवत, आणि खालच्या मजल्यावरची अक्का वर बघून कानडीत त्यांचा उद्धार करी. शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणानं सात वेळा धुऊन ठेवले होते. विहीणबाईंनी कसर लागू नये म्हणून त्यात डांबराच्या गोळ्या घातल्या. त्या दिवशी व्याह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सप्टेंबरचं काम जूनमध्ये का, बंदूक कुठाय, जनावर तिकडं तर पीठ इकडं का उडवायचं, मला काही म्हणता काही कळेना. विचारायला मी जाणार नव्हतो.

एक दिवस तेच पुन्हा घरी आले. पाठीवर भलीमोठी पिशवी, तीत तांदूळ भरलेला. दारातच म्हणाले, "अहो, ऐका. मारायचं काम मुलाचं. पण जनावर चारशे किलोचं, आणि डोंगरावर मोटार जात नाही. मांस पाठीवरून खाली आणावं लागतं."

"म्हणजे हमालीच की!" मी म्हणालो.

ते खाली फरशीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हो. पाचव्या मजल्यावर माझा दम जातो. शिकवाल?"

लग्नाच्या वेळचं सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांनी ओझं कमरेखाली लोंबत ठेवलं होतं, पट्टे सैल, आणि मान पुढं. ते माझ्याच्यानं बघवेना. "उतरवा आधी ते," म्हणालो, "असं गाढवही उचलत नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी बसनं सर्जापूर रोडला जायला लागलो. ओझं वर, खांद्याला चिकटून. पायरीकडं बघायचं, मजल्याकडं नाही. बोलायचं नाही. ते वहीत लिहून घेत. "वही ठेवा साहेब, पाठ लिहीत नाही," मी ओरडायचो. वॉचमन म्हणायचा, "अण्णा, लिफ्ट इदेयल्ला?" लिफ्ट आहे हे मलाही दिसत होतं. ऑगस्टमध्ये ते पंचवीस किलो घेऊन न थांबता चौदाव्या मजल्यावर पोचले. विहीणबाईंनी व्हिडिओ काढून मुलाला पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. त्या दोन दिवसांत व्याह्यांनी फोन खाली ठेवला नाही आणि मीही माझ्या घरी जेवलो नाही नीट. तिसऱ्या दिवशी तिकीट आलं.

सप्टेंबर सरता सरता एका सकाळी डोंगराखालच्या मुक्कामावरून त्यांचा फोन आला. जनावर मिळालं होतं. बाप-लेकानं मिळून चार खेपा केल्या, दोन उरल्या होत्या. आवाज पार बसलेला. "पोरगा पुढं चालतो, मी मागं. बोलत नाही फारसा. पण वळणावर थांबतो माझ्यासाठी." मग म्हणाले, "काल त्यानं विचारलं, बाबा, ओझं असं बांधायला कुठं शिकलात. म्हटलं, माझ्या व्याह्यांकडं." मागं माझ्या मुलीचा आवाज येत होता, कुणाला तरी जेवायला हाक मारत होती. "तुम्ही हवे होतात, व्याहीबुवा," ते म्हणाले, "तुमच्यासारखं उचलणारं इथं कोणी नाही."

ते जनावर कसलं, ते मला अजूनही नीट कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला आणि पासपोर्टचं हपीस कुठं आहे ते विचारत निघालो.