रगत्याचे राहिलेले मरण

बुलढाण्यास कचेरीसमोरच्या निंबाखाली बसून मी अर्ज लिहीत आलो आहे. माझे शिक्षण मराठी सहावीच्या पुढे गेले नाही. तथापि तालुक्यातील कित्येकांचे गाऱ्हाणे साहेबांच्या टेबलापर्यंत गेले ते माझ्या भाषेत गेले, आणि बी.ए. झालेल्या कारकुनांनीही माझे मसुदे वाचून मान डोलावली आहे. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते, मराठीतील अर्जास नवा मान आला होता, आणि योग्य शब्द योग्य क्रमाने मांडल्यास माणसाला काहीही मागता येते, अशी माझी समजूत होती. पुढील हकीकत त्या समजुतीच्या विरुद्ध जाते. तरीही ती मीच लिहिली पाहिजे, कारण गावात ती हसून सांगितली जाते, आणि ती हसण्याची नाही.

आमचे गाव बुलढाण्यापासून मोटारीने थोड्या अंतरावर आहे. तेथे चैत्रात देवीपुढे सोंगे निघतात. त्यांतले रगत्याचे सोंग माझ्याकडे होते. रगत्या म्हणजे दिवसा पडक्या विहिरीत निजणारा आणि दिवेलागणीला वर येऊन माणसांचे रक्त पिणारा पिशाच. तोंडाला तेलात खललेले काजळ, कवठाच्या कवचीचे कोरून केलेले सुळे, आणि ओठांतून गळण्यासाठी गालांत धरलेले कुंकू-गुळाचे पाणी. आवाज भरदार लागतो, म्हणून गावाने ते मला दिले होते. मला ते प्रियही होते, हे नाकारण्याचे कारण नाही. वर्षभर ‘सेवेशी सविनय विनंती’ लिहिणाऱ्या माणसाला एक संध्याकाळ अशी लाभत असे, की त्याला पाहून पाटीलही उंबऱ्याच्या आत सरकत.

सोंगाची रीत ठरलेली आहे. रगत्याने दारोदार जाऊन ‘रगत दे’ म्हणावे. घरच्या बाईने सूप आडवे धरून ‘पुढच्या दारी जाय’ म्हणावे. सगळी दारे संपली की देवीचे सोंग घेतलेला माणूस त्याला पारापुढे लाकडी तलवारीने मारतो. सवाष्णी त्याच्यावर कुंकवाचे पाणी शिंपडतात आणि गुरव त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतो. मग रगत्या संपतो आणि माणूस उठून घरी जातो.

त्या वर्षी माझ्या पत्नीचे दिवस भरत आले होते. तरी माझे कुंकू-गुळाचे पाणी तिनेच कालवून दिले. सूर्य मावळता मावळता मी बाहेर पडलो. पहिल्या आळीची दारे अजून संपली नव्हती, तोच माझी थोरली बहीण गर्दीतून वाट काढत आली आणि सोंगाच्या हाताला धरून मला बाजूला ओढू लागली.

“पोरगी झाली,” ती म्हणाली. “पोरगी चांगली हाये. पण तिचं रक्त थांबून नाई राह्यलं. सुईण म्हणते, दवाखान्यात न्या.”

मी तोंडातले पाणी थुंकलो आणि धावलो. पाटलांनी आपली दमणी जुंपून दिली; पोरगी बहिणीजवळ राहिली. बुलढाण्याच्या दवाखान्यात शिरलो तेव्हा परिचारिकेने आधी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि ती म्हणाली, “यांना टेबलावर घ्या, यांना जास्त लागलंय.” दमणीत धोतराच्या घडीत गुंडाळलेली माझी पत्नी पांढरीफटक पडली होती, आणि लाल मी होतो.

रक्तस्राव डॉक्टरांनी थांबविला. परंतु अंगात जे उरले होते ते पुरणारे नव्हते. बाहेरून रक्त द्यावे लागेल, असे त्यांनी सांगितले. मी तत्काळ बाही वर केली. तपासून ते म्हणाले, माझे रक्त तिच्या रक्ताशी जुळत नाही. दवाखान्यातील ज्यांचे जुळले असते त्यांनी अलीकडेच दिले होते. तिचे भाऊ खानदेशात दूर होते.

“उद्या दुपारपर्यंत माणसं आणा,” डॉक्टर म्हणाले. “जास्त आणा. एखाद्याचं जुळेल.”

“आणि न जुळल्यास?”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले. 

सकाळच्या पहिल्या मोटारीने मी गावी आलो. तोंड धुतले होते, पण काजळ तेलाचे असल्याने ते रेघारेघांनी राहिले होते. मी पहिल्याच दाराशी उभा राहिलो. घरची सून भाकरी टाकीत होती.

“वहिनी, दादाले बाहेर पाठवता का? मले रक्त पाह्यजे.”

“पुढच्या दारी जाय,” ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने पदर तोंडाशी नेला. “माय व्हो. तोंडातून गेलं, भाऊ.”

दादा मात्र बाहेर आला नाही. दुसऱ्या दारी म्हातारीने कडी लावली. पारावर काही माणसे बसली होती, त्यांच्यापुढे मी उभा राहिलो आणि मला शक्य तितक्या स्पष्ट भाषेत निवेदन केले. काढलेले रक्त शरीरात पुन्हा तयार होते, असे शास्त्र सांगते. देणाऱ्यास हानी नाही. गावच्या एका सुनेचा प्राण त्यावर अवलंबून आहे. कोणत्याही साहेबापुढे मी इतके चांगले बोललो नसेन.

“भाऊ, काल तं मांगून गेले,” एक जण म्हणाला. “एका दिवसात किती पेता?”

हशा झाला, पण लहान. दुसऱ्याने गंभीरपणे विचारले, “पण तुमचंच काऊन नाई देत?”

“माह्यं जुळत नाई. डॉक्टरनं पाह्यलं.”

 माणसांनी एकमेकांकडे पाहिले. मग विचारणाराच हलक्या आवाजात शेजाऱ्याला म्हणाला, “पाह्य बे. याचं रगत माणसाच्या रक्ताशी जुळून नाई राह्यलं.”

मी खुलासा करू लागलो. रक्ताचे गट असतात, ते जन्मापासून ठरलेले असतात, भावाभावांतही भिन्न असतात, असे मला डॉक्टरांनी जसे सांगितले तसे सांगितले. परंतु सांगताना माझ्याच ध्यानात आले की प्रत्येक वाक्यागणिक ते थोडे थोडे मागे सरकत आहेत. ही माणसे दुष्ट नव्हती. याच लोकांनी आदल्या संध्याकाळी दमणीला खांदा देऊन ती ओढ्याच्या वाळूतून काढली होती.

देवळाच्या पायऱ्यांकडे गेलो तेव्हा म्हाताऱ्या गुरवाने वरूनच हात केला.

“खालीच थांब, बापू. तुह्या घरी सोयर हाये, पायरी चढू नको.”

“बाबा, तुम्ही तरी सांगा यायले. ती मरून राह्यली.”

“समजते मले. पण तू मारल्याबिगर गेला काल. देवीनं मारलं नाई, कोणी पाणी शिंपलं नाई, म्या आवाज देला नाई. तुह्यं मरण बाकी हाये.” तो आवाज न चढवता, एखादा कागद अपुरा आहे हे सांगावे तसा बोलत होता. “रगत्या दारात येऊन रगत मांगते, त्याले कोण देईन? तूच सांग.”

मी जन्मभर अपुरे कागद लोकांना परत केले आहेत. एका सहीवाचून माणूस दहा कोस परत गेलेला पाहिला आहे. म्हणून असेल, मी वाद घातला नाही. रागही आला नाही. फक्त दुपार जवळ येत होती.

“मंग मारा,” मी म्हणालो.

देवीचे सोंग गावच्या शिंप्याकडे होते. त्याचे आणि माझे फारसे सख्य नव्हते. माझे अर्ज लांबतात असे तो चारचौघांत म्हणे, आणि त्याच्या शिवणीविषयी मीही बोललो होतो. तो दुकानातून तसाच उठून आला. गळ्यात फीत, सदऱ्याला सुई. डोक्यावर पिवळे लुगडे टाकले आणि लाकडी तलवार घेतली.

“लिहून देतो का बे,” तो म्हणाला, “मेल्यावर पुन्हा बोलणार नाई म्हणून?”

“लवकर कर.”

मग त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिले आणि डोक्यावरचे लुगडे सावरले.

सोयरामुळे पार वर्ज्य होता, म्हणून पारापासून दूर, उघड्यावर उभा राहिलो. डफ नाही, मशाल नाही. भर उन्हात, कोट-टोपीत मी रगत्याची आरोळी दिली. ती द्यावी लागते. दरवर्षी ती माझ्या छातीतून निघे. त्या दिवशी ती कोठून निघाली ते मला ठाऊक नाही, पण बायकांनी पोरांना जवळ ओढले. शिंप्याची तलवार खांद्याला लागली आणि मी पडलो.

मेलेल्याने हलायचे नाही. माती तापली होती, नाकात धूळ जात होती. डोळे मिटून मी ऐकत होतो. सवाष्णींत कुंकवाच्या पाण्यावरून बोलणे चालले होते.

“याच्या घरी सोयर हाये. शिंपू का नाई शिंपू?”

“दुरून शिंप न.”

“दुरून शिंपलं तं लागते का?”

“थांब, मामींले इचारून येते.”

याच वेळी फाट्याकडून बुलढाण्याच्या मोटारीचा भोंगा ऐकू आला. ती मोटार गेली असती तर पुढची दुपारनंतर होती. उठून धावावे असे प्रत्येक स्नायूला वाटत होते. पण उठलो असतो तर मोटार मला एकट्यालाच मिळाली असती. मी पडून राहिलो. मला असे वाटू लागले की तिकडे तीही अशीच पडून ऐकत असेल, चार माणसे डोक्याशी उभी राहून करावे की न करावे याचा विचार करीत असतील, आणि तिलाही हलण्याची मुभा नसेल.

“मेला हो, मेला,” शिंपी ओरडला. “मी मारला न, मले माहीत हाये. शिंपा पाणी. बाबा, आवाज द्या याले, मोटार चालली.”

पाणी पडले. गुरवाने माझे नाव घेतले. शेकडो अर्जांखाली लेखक म्हणून मी ते लिहिले आहे. पण ते ऐकून मला लगेच उठता आले नाही.  गुरवाने दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा कोणीतरी काखेत हात घालून मला उभे केले. तो पारावरचा, मघाशी थट्टा केलेला माणूस होता. “चाला भाऊ,” तो म्हणाला, “मी येतो.”

शिंपी पिवळ्या लुगड्यासकट फाट्याकडे धावत होता आणि हात हलवून मोटार थांबवीत होता. त्याची बायको मागून ओरडत होती, “तुम्ही नोका जाऊ, अंगातली ताकद जाते.” तो थांबला नाही. मोटारीत चढल्यावर श्वास लागलेल्या स्थितीत मला म्हणाला, “याले म्या मारलं, आता म्याच नाई गेलो तं लोक काय म्हनतीन?” आणखी तिघे आले. जो सकाळी बाहेर आला नव्हता तो दादाही त्यांत होता. 

दवाखान्यात एकेकाची बोटे टोचली. दादाचे जुळले नाही. पारावरच्याचे जुळले नाही. तिसरा बोट टोचताच घेरी येऊन बसला, त्याचेही जुळले नाही. चौथ्याचे नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. माझ्याजवळ मागण्यासाठी एकही शब्द शिल्लक नव्हता. मग आतून डॉक्टरांनी शिंप्याला बोलावून विचारलेले ऐकू आले.

“तुमचं जुळतंय. पेशंटचे तुम्ही कोण?”

“कोणी नाई, साहेब. तिच्या नवऱ्याले मारलं म्या.”

डॉक्टर पुण्याकडचे होते. त्यांनी ‘नाते नाही’ असे टिपून त्याला खाटेवर निजायला सांगितले.

बाटली भरली आणि मग ती तिच्या उशाशी टांगली गेली. मी नळीकडे पाहू शकलो नाही, तिच्या नखांकडे पाहत राहिलो. उन्हे कलल्यावर त्यांवर किंचित रंग आल्यासारखा वाटला. पण इच्छेमुळेही तसे वाटते, म्हणून मी कोणाला विचारले नाही. डॉक्टर आले, पापणी खाली ओढून पाहिली, नाडी धरली. “आता झोपू द्या,” ते म्हणाले. “वाचतील.”

मी पडद्यापलीकडे गेलो. शिंपी हात दुमडून निजला होता, चेहरा उतरला होता. मी खाली वाकून त्याचे पाय धरले. त्याने ते झटकन वर ओढून घेतले.

“पाय नोको धरू बे,” तो म्हणाला. “चहा सांग. गोड सांग.”