रणगाड्याचं झाकण

दादा फौजेत रणगाडा चालवायचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या मायनं रणगाडा पाहिलेला तो फक्त सव्वीस जानेवारीला, शेजारच्यांच्या टीव्हीवर. दादा सुट्टीवर बाळापूरला आला की तिचा ठरलेला प्रश्न, "पोरा, तू नेमका कुठं बसतो त्यात?" शेवटी वैतागून त्यानं प्लॅस्टिकच्या रणगाड्याचं खोकंच आणलं, जोडून दाखवतो म्हणाला. जोडायला बसणार तोच तार आली आणि तो परत गेला.

मग मी बसले. मी शिवणकाम करणारी, वाटलं हा तर हातचा मळ. कसलं काय! चौकटीतून एकेक तुकडा नेलकटरनं तोडायचा, ब्लेडनं घासायचा, गोंद लावून धरून बसायचं. चाकं तर संपता संपेनात. एक शेळीनं चघळलं, ते तसंच चेपलेलं बसवलं. रंग नव्हता, खोक्यातला हिरवा तोच खरा. बाकी सगळं कागदावरच्या चित्रासारखं केलं, स्वतःची अक्कल पाजळली नाही.

शेवटी ड्रायव्हरच्या जागेवरचं झाकण चिकटवलं आणि मायला दाखवलं. "हे बघ, तोफेच्या खाली. इथं बसतो दादा."

ती वाकून बघत राहिली. "दार काहून लावलं?"

"कागदावर तसंच हाय."

"कागदाला काय ठावं? आत लेकरू हाय माझं."

दुसऱ्या दिवशी बघते तर तिनं दाभणानं झाकण उचकटून काढलेलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिला काही फरक पडला नाही. रणगाडा देव्हाऱ्याशेजारी गेला, झाकण कुंकवाच्या करंड्यात. खंडेनवमीला विळा आणि माझी कात्री यांच्यासोबत त्यालाही हळदकुंकू लागायचं. दादा घरी आला की ती झाकण वर ठेवायची. तो निघाला की काढायची.

मी तिची फार चेष्टा करायचे. एका सुट्टीत दादानंच मला बाजूला घेतलं. "तिला हसू नको. गडबड नसली की आमी झाकण उघडंच ठेवतो, मुंडकं बाहेर काढून चालवतो. लढाईतच ते लावावं लागतं." त्यानंतर तो गेला की झाकण काढलंय का, हे मीही बघायला लागले.

दोन हजार साल उलटल्यावर दादा पेन्शन घेऊन कायमचा घरी आला. ट्रंक ठेवून हातपाय धुवायला गेला. मायनं करंडा उघडला आणि कुंकवानं लाल झालेलं झाकण माझ्या हातावर ठेवलं.

"आता चिकटव," म्हणाली.

मी गोंद लावला. तिनं झाकणावर बोट दाबून धरलं. दादा जेवायला हाका मारत होता, तरी ते चिकटेपर्यंत ती उठली नाही.