पाण्यावरच्या बाटल्या

माझा हात लवकर उठतो. शाळेत पोरांना मारायची बंदी आली तेव्हा सगळ्यात जास्त त्रास मला झाला असेल. कित्येक वर्षं नुसती पट्टी टेबलावर आपटून मी दिवस काढले. नवऱ्याला कधी मारलं नाही, पण ताटं, डबे आणि एकदा पोळपाट त्याच्या दिशेने गेलेला आहे. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं ते माझ्या हातून चुकून झालं, असं कुणी समजायला नको.

आम्ही दोघं शहाद्याचे. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस नर्मदेवर तंबू ठोकून राहायचं, हा आमचा नेम होता. म्हसावदला बटाटे, कांदे, तेल घ्यायचं, धडगावच्या घाटात एकदा कडकडून भांडायचं आणि दुपारी गाडी वर लावून पाण्याकडे उतरायचं. धरणाचं पाणी तिथे डोंगरांच्या घळींत आत शिरलंय. काठावर मासे धरणाऱ्यांची दहा-बारा घरं. त्यातल्या एका जोडप्याने पाहुण्यांसाठी कुडाच्या दोन खोल्या बांधल्या होत्या, वर पत्रा. थंडी वाजली की खोलीत झोपायचं, नाही तर समोरच तंबूत. दुसऱ्या दिवसापर्यंत माझंसुद्धा डोकं थंड व्हायचं तिथे.

त्या जोडप्यातली ती तिशीची असेल. आश्रमशाळेत शिकलेली, म्हणून मराठी बोलायची. पण घरच्या पावरी बोलीत अहो-जाहो नाही, त्यामुळे मलाही सरळ 'बाई, तू'. मला ते आवडायचं. होडी ती सांभाळायची, पाण्यात नवरा उतरायचा. सकाळी आम्ही डोळे चोळत बाहेर यायच्या आत तिच्या दारात टोपलीभर मासे आलेले असायचे. चार वर्षं मी ते मासे काटे चोखून खाल्ले, आणि ते पाण्यातून वर येतात कसे हे एकदाही विचारलं नाही. वर्गात मात्र 'प्रश्न विचारा, प्रश्न विचारा' म्हणून पोरांचं डोकं खाते.

पाचव्या वर्षी आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी धडगावचा बाजार होता. ती दोघं पहाटे निघून गेली. होडी आम्हाला फिरायला ठेवली होती. आम्ही हळूहळू वल्हवत पलीकडच्या वळणापर्यंत गेलो, तर तिथे पाण्यावर बाटल्याच बाटल्या. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या. पन्नासेक तरी असतील. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शहरातली माणसं येतात, खातात, पितात आणि इथे घाण टाकून जातात, असं मी शहरातून आलेल्या माझ्या नवऱ्याला ऐकवलं. मग म्हटलं, काढायच्या सगळ्या. शाळेत दर शनिवारी मी मैदान झाडून घेते, इथे काय लाज आहे.

नवऱ्याने पहिली बाटली उचलली तर तिच्या मानेला दोरी, आणि दोरी खाली पाण्यात गेलेली.

"हाई दोरी कसाले बांधी व्हई?" तो म्हणाला.

"दारू गार कराले," मी म्हटलं. "पिणाऱ्यांची अक्कल तेवढीच."

त्याने दोरी ओढून पाहिली. जड लागतेय म्हणाला. मी म्हटलं, मग काप की. भाजीच्या सुरीने आम्ही एकेक दोरी कापत गेलो. दोन पोती भरली. काठावर आणून मी त्या पेटवून दिल्या आणि काळा धूर अंगावर येत असतानाही मला बरं वाटत होतं. एवढं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

चारच्या सुमारास ती दोघं परतली. ती आधी उतार उतरून आली. राखेत वितळलेल्या बाटल्या पाहिल्या, वळणाकडे पाहिलं आणि धावत सुटली. होडी पाण्यात होती, तिच्या टोकावर माझा नवरा पाय सोडून बसला होता. तिने त्याला दोन्ही हातांनी ढकलला. तो धपकन पाण्यात. आता त्याला पोहता येत नाही. माझं डोकं फिरलं. खडकाला टेकवलेलं वल्हं उचललं आणि तिच्या पाठीत घातलं. ती वळली, हात पुढे केला. दुसरा फटका त्या हातावर बसला, मनगटाजवळ, आणि हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तरी मी तिसऱ्यांदा वल्हं उचललं होतं. खोटं कशाला सांगू.

"मी उभा शे वं," नवरा मागून ओरडला. "सोड तिले."

तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. फक्त चष्मा गेला होता.

तेवढ्यात तिचा नवरा आला. त्याच्या हातात कोयता होता. बायकोचा हात पाहिला आणि त्याने आधी आमचा तंबू फाडला, वरपासून खालपर्यंत, दोनदा, तीनदा. मग कोयता फेकून माझ्या नवऱ्याला पाण्यातून ओढून काढला आणि तोंडावर गुद्दे घातले. नवऱ्याचा दात पडला. मी मधे गेले तर मला असा झटका दिला की मी अजून धुमसणाऱ्या राखेत जाऊन पडले. तळहात भाजले.

ती ओरडली ती आमच्यावर नाही, स्वतःच्या नवऱ्यावर. पावरीतलं मला कळलं नाही, पण तो थांबला. मग ती मराठीत माझ्याशी बोलली. "बाई, त्या बाटल्या आमच्या जाळ्यांच्या होत्या. बाटल्यांवर जाळी तरंगते. बाजार होता म्हणून आज सकाळी काढली नाही. आता तळाला गेली. खाली धरणात बुडालेली सागाची जुनी झाडं उभी आहेत, जाळी त्यात अडकून फाटेल. चार जाळी. दुसरी नाहीत आमच्याकडे."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते देव जाणे. तिने डाव्या हाताने माझी वेणी धरली आणि मला होडीकडे ओढत नेलं.

"माझा हात तू मोडला," ती म्हणाली. "आता तुझे दोन दे."

माझा नवरा तोंड धरून काठावरच बसला होता. तिच्या नवऱ्याने वल्हवलं. वळणावर पोचल्यावर त्याने कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक माझ्याकडे फेकलं. माझ्याकडे पाहिलं नाही. खाली गढूळ आहे, फांद्या आहेत, दोन झटके आले की ओढ, असं तिने सांगितलं. एरवी हा दोर ती धरते. तो खाली गेला. पहिल्यांदा वर आला तो हात हलवत, मोकळाच. दुसऱ्यांदाही तसाच. तिसऱ्यांदा गेला आणि दोर माझ्या हातातून सरसर सुटत एका बाजूला ताणला गेला. मी झटक्यांची वाट पाहत राहिले. झटके आलेच नाहीत.

"ओढ," ती म्हणाली.

ओढला. हलेना. भाजलेल्या तळहातांची साल दोराला चिकटून निघाली. तिने डाव्या हाताने दोर धरला, पुरेना, तेव्हा दातांत धरला. मी होडीच्या काठाला पाय लावले आणि सगळ्या अंगाने मागे पडले. आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नाही, पोटचं पोर तापाने फणफणलं होतं तेव्हाही नाही. खाली काहीतरी कडकन तुटलं आणि दोर एकदम सैल पडला. मला वाटलं दोरच तुटला. पण तिचा नवरा वर आला. पायाला जाळं गुंडाळलेलं, पाठ फांद्यांनी सोललेली, नाकातून रक्त. आम्ही त्याला काखेत धरून आत घेतला. तो पालथा पडून पाणी ओकत राहिला. बराच वेळ.

मी रडत होते. तिला माफी मागायला लागले. म्हटलं, तुला दवाखान्यात नेते, आत्ता नेते, गाडी आहे. तिने ऐकून घेतलं आणि डाव्या हाताने माझ्या मुस्काटात मारली. कान सुन्न झाला. आईने लहानपणी मारलं होतं, त्यानंतर मला कुणी मारलं नव्हतं.

मग तिने नवऱ्याच्या पायातून जाळं सोडवलं, फाटलं किती ते पाहिलं आणि बाजूला ठेवलं. खाली अजून तीन होती. नवरा उठून बसला, तोंड पुसलं, कमरेची गाठ पुन्हा आवळली. ऊन डोंगरामागे चाललं होतं. तिने दोराचं टोक उचललं आणि परत माझ्या हातात दिलं.

"धर," ती म्हणाली. "या वेळी वाट बघू नको."